जुन्या अँबॅसिडरला ऑटोमॅटिक गिअरबॉक्स: किती बदललं की गाडी ‘तीच’ राहत नाही?

(जाहीर व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याची लय शक्य तितकी तशीच ठेवली आहे. शेवटी श्रोत्यांचे काही प्रश्न आणि त्यांची उत्तरं आहेत.)

आजच्या विषयाचं नाव वाचून काहींना प्रश्न पडला असेल, की तत्त्वज्ञानाच्या मालिकेत हे गॅरेज कुठून आलं? त्याचं उत्तर सोपं आहे. मागच्या दोन व्याख्यानांत आपण ‘तादात्म्य’ हा शब्द पुष्कळ वापरला. एखादी वस्तू बदलत जाते आणि तरी आपण तिला ‘तीच’ म्हणतो, हे कशाच्या जोरावर? वर्गात हा प्रश्न नेहमी नौका, नदी, मडकं अशा उदाहरणांनी शिकवतात. त्या उदाहरणांत कुणाचं काही अडत नाही. आज मी असं उदाहरण घेतोय, की ज्यात एका माणसाचं खरोखर अडलं आहे, आणि हातात पाना घेतल्याशिवाय ज्याचं उत्तर मिळत नाही.

उदाहरण असं. माझे एक मित्र आहेत, वय ७४. त्यांच्या वडिलांनी घेतलेली १९६७ सालची अँबॅसिडर त्यांच्याकडे आहे, चालू स्थितीत. वडील डॉक्टर होते आणि आसपासच्या गावांना याच गाडीतून व्हिजिटला जायचे. मित्राच्या डाव्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली. डॉक्टरांनी सांगितलं, चाला, फिरा, पण डाव्या पायानं सारखं सारखं जोर देऊन दाबायचं काम करू नका. आता जुन्या अँबॅसिडरचा क्लच ज्यांनी दाबला आहे त्यांना हे वाक्य बरोबर कळेल. शहरातल्या गर्दीत तासाभरात तो पाय शंभर-दोनशे वेळा सहज खाली-वर होतो.

मग मार्ग काय? गाडी विकायची, ड्रायव्हर ठेवायचा, किंवा गाडीला ऑटोमॅटिक गिअरबॉक्स बसवायचा. तिसरा मार्ग निघाला आणि घरात दोन तट पडले. मुलगा म्हणाला, “बाबा, करून टाका.” धाकटा भाऊ म्हणाला, “मग ती आप्पांची गाडी कुठे राहिली?” आपला आजचा सगळा विषय या दोन वाक्यांच्या मध्ये आहे.

आधी यंत्र समजून घेऊ. कारण ज्या वस्तूबद्दल वाद घालायचा ती वस्तू आधी नीट पाहावी, हा नियम तत्त्वज्ञानालाही लागू आहे.

क्लच आणि गिअर: कामं दोन

पेट्रोल इंजिनची एक अडचण आहे. ते शून्यापासून ओढू शकत नाही. वाफेचं इंजिन किंवा विजेची मोटर उभ्या जागेवरून जोर लावते. पेट्रोल इंजिन मात्र आधी फिरत असावं लागतं, मगच ते जोर देतं. म्हणजे गाडी उभी आणि इंजिन फिरतंय, अशी स्थिती रोज हजारदा येणार. या दोघांना जोडायचं आणि तोडायचं कसं? हे काम क्लचचं. दुसरं काम गिअरचं. चढावर जोर हवा, सपाटीवर वेग हवा. इंजिनचा फिरण्याचा पल्ला मर्यादित, म्हणून दातेरी चाकांच्या वेगवेगळ्या जोड्या.

मॅन्युअल गाडीत ही दोन्ही कामं माणूस करतो. डावा पाय तोडतो-जोडतो, डावा हात जोडी निवडतो आणि कान सांगतो की आता बदलायची वेळ झाली. अँबॅसिडरमध्ये हा हात स्टिअरिंगखालच्या दांड्यावर जायचा. पहिल्या गिअरला सिंक्रोमेश नव्हतं, म्हणून गाडी पूर्ण थांबल्याशिवाय पहिला टाकला की कर्रर्र असा आवाज यायचा. ज्यांना ‘डबल क्लच’ जमायचा ते तोही शांतपणे टाकायचे. त्या काळी चांगला ड्रायव्हर ओळखायची ती एक खूण होती.

ऑटोमॅटिकमध्ये हीच दोन कामं दोन यंत्रांना वाटून दिलेली असतात.

पहिलं यंत्र टॉर्क कन्व्हर्टर. दोन टेबलफॅन समोरासमोर ठेवा. एक चालू करा, दुसरा बंदच ठेवा. चालू पंख्याच्या वाऱ्यानं बंद पंखाही फिरू लागतो. दोघांत कुठेही घट्ट सांधा नाही, मध्ये फक्त हवा. हवेच्या जागी तेल घाला आणि दोन्ही पंखे एका बंद डब्यात ठेवा, की द्रव-जोडणी तयार झाली. इंजिन हळू फिरत असेल तर तेलाचा धक्का कमी पडतो, गाडी ब्रेकवर उभी राहते आणि इंजिन बंद पडत नाही. म्हणजे क्लचचं काम तेलानं घेतलं. त्यात मध्ये तिसरं पातं बसवलं, स्टेटर, तर परतणारं तेल योग्य दिशेनं वळतं आणि गाडी उठताना इंजिनचा जोर साधारण दुप्पट होऊन मागे जातो. ही कल्पना हेर्मान फॉटिंगर या जर्मन अभियंत्याची. त्याचं पेटंट १९०५ सालचं, आणि ते मोटारीसाठी नव्हतं, जहाजासाठी होतं.

दुसरं यंत्र ग्रहमालेसारखं. मध्ये एक ‘सूर्य’ चाक, भोवती ‘ग्रह’ चाकं, बाहेरून आतल्या बाजूला दाते असलेलं कडं. यांतलं कुठलं चाक धरून ठेवायचं आणि कुठलं सोडायचं, यावर वेग ठरतो. धरण्या-सोडण्याचं काम तेलाच्या दाबावर चालणारे पट्टे आणि छोटे क्लच करतात. दाते कायम एकमेकांत गुंतलेलेच असतात, म्हणून कर्रर्र होण्याचा प्रश्न नाही. मोठ्या संख्येनं बनलेला पहिला संपूर्ण ऑटोमॅटिक गिअरबॉक्स म्हणजे जनरल मोटर्सचा हायड्रामॅटिक. तो १९४०च्या ओल्ड्समोबिल मॉडेलांवर आला. म्हणजे आपली अँबॅसिडर जन्मली तेव्हा हे तंत्र नवं नव्हतं. तिच्या वाट्याला ते आलं नाही इतकंच.

चुलत भावंडांना मिळालं ते

हा शेवटचा मुद्दा महत्त्वाचा आहे, म्हणून थोडं थांबतो. अँबॅसिडर म्हणजे मूळची इंग्लंडची मॉरिस ऑक्सफर्ड, सीरिज तीन. ती उत्तरपाड्याला बनू लागली आणि २०१४पर्यंत बनत राहिली. तिच्यात पुढे जे १४८९ सीसीचं पेट्रोल इंजिन आलं ते बीएमसी कंपनीच्या ‘बी सीरिज’ कुळातलं. याच कुळातली मोठी इंजिनं इंग्लंडमध्ये ऑस्टिन केंब्रिज ए-६० आणि एमजीबी या गाड्यांत होती. आणि या दोन्ही गाड्या कारखान्यातूनच, हवी असेल तर, ऑटोमॅटिक मिळत. गिअरबॉक्स बोर्ग-वॉर्नरचा, टाइप ३५. तीन पुढचे गिअर, प्रमाणं २.३९, १.४५ आणि १. एमजीबीसारख्या स्पोर्ट्स गाडीलाही १९६७ ते १९७३ या काळात तो मिळत होता.

म्हणजे “अँबॅसिडरच्या इंजिनाला ऑटोमॅटिक हे काहीतरी भलतंच कलम आहे” असं म्हणता येत नाही. त्या कुळानं ते लग्न एकदा पाहिलेलं आहे. पण सावध राहा. कुळ एक असलं म्हणून पत्रिका जुळतेच असं नाही. आपल्या १४८९ सीसी इंजिनचा क्रँक तीन बेअरिंगवर बसतो, त्या वेळच्या एमजीबीचा पाच बेअरिंगवर. मागच्या पत्र्याची भोकं, क्रँकच्या शेपटीचं माप, सगळं मोजूनच ठरवायचं.

एमजीबीच्या बाबतीत कारखान्यानंही नुसता गिअरबॉक्स बदलला नव्हता. १९६७च्या सुमारास नवा गिअरबॉक्स आणि ऑटोमॅटिक, दोन्ही मावावेत म्हणून जमिनीच्या पत्र्यातला बोगदा, ज्याला आपण टनेल म्हणतो, तो रुंद केला. हे लक्षात ठेवा, पुढे वाद इथेच अडकणार आहे.

गॅरेजमध्ये काय काय होतं

आता कामाची यादी. ही मी थोडी सविस्तर सांगतो, कारण “गिअरबॉक्स बदलला” हे एका वाक्यात म्हणता येतं, करताना मात्र ती दहा कामं असतात.

एक. फ्लायव्हील, क्लच प्लेट, प्रेशर प्लेट, रिलीज बेअरिंग हे सगळं निघतं. फ्लायव्हीलच्या जागी पातळ लवचीक चकती येते. तिच्या कडेला स्टार्टरसाठी दाते असतात आणि तिला कन्व्हर्टर बोल्टानं जोडतात. कन्व्हर्टरचं नाक क्रँकमधल्या खोबणीत बरोबर बसायला हवं.

दोन. कन्व्हर्टर गिअरबॉक्समधल्या तेलपंपात पूर्ण आत गेला आहे हे गाडीला जोडायच्या आधी पाहायचं. तो अर्धवट बसला असेल आणि मिस्त्रीनं बोल्ट आवळून गिअरबॉक्स इंजिनाकडे ओढला, तर पंप तिथेच फुटतो. गाडी अजून चालूही झालेली नसते. हातानं फिरवून कन्व्हर्टर आणि चकतीत थोडी फट आहे ना, हे पाहणं, एवढीच त्याची परीक्षा.

तीन. गिअरबॉक्सची लांबी वेगळी, म्हणून मागचा आधार नवा करावा लागतो आणि प्रोपेलर शाफ्ट नव्या लांबीचा करून बॅलन्स करून घ्यावा लागतो. शाफ्टच्या दोन्ही टोकांच्या क्रॉसचे कोन एकमेकांना जुळले नाहीत तर ठरावीक वेगाला गाडी थरथरते, आणि माणूस महिनोन्‌महिने टायर बॅलन्स करत बसतो.

चार. कार्ब्युरेटरपासून गिअरबॉक्सपर्यंत एक केबल जाते. दिसायला सायकलच्या ब्रेकच्या तारेसारखी, पण गिअरबॉक्सचं आयुष्य तिच्यावर असतं. तुम्ही अॅक्सिलरेटर किती दाबला हे ती गिअरबॉक्सला सांगते आणि त्यानुसार आतला तेलाचा दाब वाढतो. केबल सैल राहिली तर जोर जास्त आणि दाब कमी, अशी स्थिती येते. आतले क्लच घसरतात आणि जळतात. तेल काळं पडून त्याला जळका वास आला, की समजायचं उशीर झाला.

पाच. उष्णता. कन्व्हर्टर घसरतो म्हणजे ती ताकद कुठेतरी जाणार, ती तेलात उष्णता होऊन जाते. इंग्लंडच्या हवेत जे निभावलं ते एप्रिलमध्ये खंबाटकी घाटात निभावेलच असं नाही. पुढे रेडिएटरजवळ तेलासाठी वेगळा कूलर लावावाच.

सहा. स्टार्टरच्या वायरीत एक स्विच लागतो, म्हणजे दांडा ‘पार्क’ किंवा ‘न्यूट्रल’मध्ये असल्याशिवाय इंजिन सुरूच होत नाही. हे वगळलं तर एक दिवस गाडी भिंतीत जाणार. इथे काटकसर नको. त्याचबरोबर स्पीडोमीटरची केबल जुळवून घ्यायची, नाहीतर काटा खोटं बोलतो.

सात. पेडल. क्लचचं पेडल काढायचं आणि ब्रेकचं पेडल थोडं रुंद करायचं. पण पन्नास वर्षांची सवय पेडल काढल्यानं जात नाही. डावा पाय क्लच शोधत खाली येतो आणि रुंद ब्रेकवर पूर्ण जोरानं आदळतो. म्हणून पहिले काही दिवस मोकळ्या मैदानात, डावा पाय मागे घेऊन सराव करायचा. याकडे मी पुन्हा येणार आहे.

आठ. उतारावरचा भरवसा. मॅन्युअल गाडी घाट उतरताना खालच्या गिअरमध्ये इंजिनच्या ओढीवर धरता येते. ऑटोमॅटिक ‘डी’मध्ये सोडली तर ही ओढ फारशी मिळत नाही. त्या काळच्या अँबॅसिडरला चारही चाकांना ड्रम ब्रेक. उतारभर ते दाबत राहिलं तर तापून कमजोर पडतात. तेव्हा दांडा हातानं ‘दोन’ किंवा ‘एक’वर ओढायचा आणि ब्रेकचं सगळं काम आधी नव्यानं करून घ्यायचं.

राहिली ताकद. या इंजिनाकडे सुमारे पन्नास अश्वशक्ती. गाडी उठताना कन्व्हर्टरच्या दुपटीमुळे अडचण येत नाही. पण पुढे चार पायऱ्यांच्या जागी तीनच, आणि घसरण कायम थोडी आहेच. चढावर ट्रक ओलांडायची घाई सोडायची. पेट्रोल थोडं जास्त जाणार. आणि बॅटरी उतरली की चार पोरं बोलावून “जरा धक्का मारा रे” म्हणायची सोय, ती बहुतेक ऑटोमॅटिक गाड्यांत संपते. कारण गिअरबॉक्सचा तेलपंप इंजिनानं फिरतो. इंजिन बंद तर दाब नाही, आणि दाब नाही तर चाकांचा जोर इंजिनापर्यंत पोचतच नाही.

आता वाद: ‘तीच’ म्हणजे काय?

धाकट्या भावाचं वाक्य आठवा. “मग ती आप्पांची गाडी कुठे राहिली?” हे वाक्य भावनेचं आहे म्हणून सोडून देऊ नका, त्यात एक नेमका दावा आहे. आपल्या परंपरेत या दाव्याला निदान दोन उत्तरं आहेत, आणि गंमत म्हणजे त्यातलं एक उत्तर चक्क गाडीवरच आहे.

मिलिंद राजा, म्हणजे ग्रीक राजा मिनँडर, रथातून आला आणि भिक्खू नागसेनाशी त्याचा संवाद झाला. नागसेन विचारतो: हा आस म्हणजे रथ का? चाकं म्हणजे रथ का? दांडी? जू? राजा प्रत्येकाला नाही म्हणतो. मग या सगळ्यांहून वेगळा असा रथ कुठे आहे का? तोही नाही. शेवटी राजाच कबूल करतो की हे भाग अशा रीतीनं एकत्र आले की त्यांना ‘रथ’ हे नाव आपण देतो. नाव व्यवहारासाठी आहे. त्याच्या आत ‘रथपणा’ नावाचा काही गाभा लपलेला नाही. या बाजूनं पाहिलं तर गिअरबॉक्स बदलला म्हणून हरवायला काही गाभाच नव्हता.

न्याय-वैशेषिक याच्या अगदी उलट. ते म्हणतात, अवयवी, म्हणजे संपूर्ण वस्तू, ही अवयवांच्या बेरजेहून वेगळी आणि खरी आहे. ती अवयवांत राहते. पण म्हणूनच ते फार कडक आहेत. वस्त्रातला एक धागा काढला की त्यांच्या मते जुनं वस्त्र नाश पावलं आणि राहिलेल्या धाग्यांचं नवं वस्त्र उत्पन्न झालं. या हिशेबानं धाकटा भाऊ बरोबर आहे. पण मग तो जरा जास्तच बरोबर आहे! कारण १९६७पासून या गाडीचे टायर, बॅटरी, क्लच प्लेट, सायलेन्सर किती वेळा बदलले? आप्पांची गाडी आप्पांच्याच हयातीत कैक वेळा नष्ट झाली म्हणायची.

पाश्चात्त्य परंपरेत प्लुटार्कनं थीसियसच्या नौकेचा प्रश्न नोंदवला. फळ्या एकेक करून बदलल्या, मग नौका तीच का? हॉब्जनं १६५५ सालच्या ग्रंथात त्यात भर घातली. काढलेल्या जुन्या फळ्या कुणी जपून ठेवल्या आणि त्यांची पुन्हा नौका बांधली, तर खरी कुठली? ही भर आपल्याला उपयोगी पडणार आहे. जुन्या फळ्या जपून ठेवणारा माणूस ध्यानात ठेवा.

माझं म्हणणं असं, की ‘तीच का?’ हा प्रश्न अर्धवट आहे. ‘कशासाठी तीच?’ असं विचारलं की तो पुरा होतो. परिवहन कार्यालयासाठी गाडीची ओळख म्हणजे चेसिस नंबर आणि इंजिन नंबर. जुन्या गाड्यांच्या जाणकारासाठी ओळख म्हणजे कारखान्यातून निघाली तेव्हाचं रूप. आणि घरासाठी? त्या दारातून आप्पा उतरायचे, त्या सीटवर औषधांची बॅग असायची, आणि ती गाडी अजून *चालते*. या तीन ओळखी वेगळ्या आहेत. एकच बदल एकीला धक्का लावतो आणि दुसरीला वाचवतो.

पहिल्या दोन ओळखींचं लेखी काही आहे, ते पाहू. मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२. नोंदणीपुस्तकातली माहिती निर्मात्याच्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल करता येत नाही. जानेवारी २०१९मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही या कलमाचा अर्थ कडकपणेच लावला. पण त्याच वर्षीच्या दुरुस्तीनं कायद्यात ‘अनुकूलित वाहन’ ही संज्ञा आली. शारीरिक दोष किंवा अपंगत्व असलेल्या व्यक्तीसाठी बदललेलं वाहन. म्हणजे कायद्यालाही गुडघा दिसतो! मात्र हे परवानगीनं आणि कागदावर व्हायला हवं. आधी परिवहन कार्यालयात जायचं, मग गॅरेजमध्ये.

दुसरं, २०२१चे व्हिंटेज वाहनांचे नियम. पन्नास वर्षांहून जुनी, मूळ रूपात राखलेली, चेसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठा बदल न केलेली गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते. पण मग ती रोज वापरता येत नाही. प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, इंधन भरणं, एवढ्यासाठीच रस्त्यावर आणायची. म्हणजे तिथे रूप जपलं जातं आणि वापर आटतो.

आणि ऐतिहासिक वाहनांच्या जागतिक महासंघाची २०१२ सालची ट्युरिन सनद आहे. तिचा सूर मला शहाणपणाचा वाटतो. ती म्हणत नाही की काहीच बदलू नका. बदल करावा लागलाच तर तो डोळ्यांत न भरणारा आणि उलटवता येणारा असावा, काढलेले महत्त्वाचे मूळ भाग गाडीबरोबर जपावेत आणि केलेल्या कामाची नोंद ठेवावी, असा तिचा आग्रह आहे. हॉब्जचा फळ्या जपणारा माणूस इथे परत भेटतो. त्यानं कोडं घातलं होतं, इथे तोच कोडं सोडवतो. जुना गिअरबॉक्स ग्रीस लावून पेटीत ठेवा. फ्लायव्हील, पेडल, जुना शाफ्ट, सगळ्याला चिठ्ठ्या लावा. नातवाला हवं असेल तर तो परत बसवील.

जातं ते काय

तरीही नुकसान काहीच नाही, असं मी म्हणणार नाही. मघाशी मी म्हटलं, डावा पाय काढून टाकलेला क्लच शोधत राहतो. मेर्लो-पाँती या फ्रेंच तत्त्वज्ञानं १९४५च्या ग्रंथात अंध माणसाच्या काठीचं उदाहरण दिलं आहे. सवय झाली की काठी ही हातातली वस्तू राहत नाही, स्पर्श काठीच्या टोकाशी जातो. गाडीचंही तेच. मुरलेल्या चालकाला क्लच कुठे पकडतो हे तळव्याला ठाऊक असतं. विचारलं तर सांगता येत नाही. गिल्बर्ट राइलनं ‘अमुक आहे हे माहीत असणं’ आणि ‘अमुक करता येणं’ यांत फरक केला, तो हाच. ऑटोमॅटिक बसवताना हे दुसऱ्या प्रकारचं ज्ञान निकामी होतं. ते पेटीत ग्रीस लावून ठेवता येत नाही.

पण इथे नीट विचार करा. ते ज्ञान गिअरबॉक्सनं घालवलं का? ते गुडघ्यानं आधीच घालवलं होतं. मॅन्युअल गिअरबॉक्स तसाच ठेवून गाडी पत्र्याच्या शेडमध्ये उभी केली, तर क्लचही राहिला आणि पेडलही राहिलं, फक्त चालवणारा राहिला नाही. वस्तूची निष्ठा पाळायची म्हणून माणसाला तिच्यापासून तोडायचं, हे मला जतन वाटत नाही. उलट स्टिअरिंग धरणं, वळणाचा अंदाज, समोरच्याचं मन ओळखणं, हॉर्न कधी वाजवायचा नाही, या बाकीच्या सगळ्या जाणत्या गोष्टी ऑटोमॅटिकमध्ये शाबूत राहतात.

म्हणून माझा निष्कर्ष असा. हा बदल करावा, पण तीन अटींवर. पहिली अट, गरज शरीराची असावी, हौसेची नव्हे. दुसरी, गाडीचं हाड कापू नये. अँबॅसिडरला वेगळी चेसिस-चौकट नाही, बॉडी आणि चौकट एकच आहे. बोगद्याचा पत्रा हा नुसता आडोसा नसून भार वाहणारा भाग आहे. तो कापला की बदल उलटवता येत नाही आणि गाडीची ताकदही जाते. निवडलेला गिअरबॉक्स पत्रा न कापता मावत नसेल, तर तो गिअरबॉक्स या गाडीचा नाही. तिसरी अट, ब्रेक, कूलर, स्टार्टरचा स्विच आणि कागद यांत कुठेही तडजोड नको.

आणि दुसरी अट पुरी होत नसेल तर? तर एक मध्यम मार्ग आहे. गिअरबॉक्स मूळचाच ठेवायचा आणि फक्त क्लच दाबायचं काम यंत्राला द्यायचं. हे नवं नाही. १९५०च्या दशकात इंग्लंडमध्ये हिलमन मिंक्स, एमजी मॅग्नेट अशा गाड्यांना ‘मॅन्युमॅटिक’ मिळे. दांड्याला हात लावला की इंजिनच्या निर्वाताच्या ओढीनं क्लच आपोआप सुटायचा. आपल्याकडेही पायाचं दुखणं किंवा अपंगत्व असलेल्या चालकांसाठी असे ऑटो-क्लच बसवून मिळतात. गिअर हातानंच टाकायचा, कान जागा ठेवायचा, पायाला मात्र सुट्टी. मित्राला मी हेच सांगितलं: आधी टेप घेऊन गाडीखाली मोजमाप करवून घ्या, मग दोन्ही भावांनी बसून ठरवा. ते काम सध्या चालू आहे.

प्रश्नोत्तरं

*प्रश्न: सर, एवढा खटाटोप करण्यापेक्षा ड्रायव्हर ठेवणं स्वस्त नाही का?*

पैशाच्या हिशेबानं बहुधा स्वस्तच पडेल. पण कठोपनिषदात रथाचं रूपक आहे, त्यात रथी वेगळा आणि सारथी वेगळा. काही माणसांना रथी होण्यात समाधान असतं. काहींचं समाधान लगाम हातात असण्यात असतं. वयानं एकेक लगाम सुटत जातोच. जो अजून सुरक्षितपणे धरता येतो तो आधीच का सोडायचा? मात्र नजर आणि प्रतिक्रियेचा वेगही उतरला असेल, तर गिअरबॉक्स हा त्यावर उपाय नाही. तेव्हा मागच्या सीटवर बसावं, बिनतक्रार.

*प्रश्न: आधुनिक चार-पाच गिअरचा इलेक्ट्रॉनिक ऑटोमॅटिक बसवला तर?*

हायवेवर इंजिन कमी फिरेल, हा फायदा खरा आहे. पण त्या गिअरबॉक्सला संगणक लागतो, आणि संगणकाला थ्रॉटल किती उघडला याची विजेतून खबर लागते. जुन्या कार्ब्युरेटरकडे ती नसते. म्हणजे सेन्सर आणि कंट्रोलर आले, वायरिंग आलं. शक्य आहे, पण आकार मोठा, आणि आकार मोठा म्हणजे पुन्हा बोगद्याचा प्रश्न. माझ्या दुसऱ्या अटीकडे परत या.

*प्रश्न: विकताना किंमत कमी होणार नाही का?*

मूळ रूप हवं असणाऱ्यासाठी होईल. म्हणून पेटी जपा आणि कामाची वही ठेवा, फोटोंसकट. पुढच्या मालकाला पेटी आणि वही मिळाली तर त्याचं स्वातंत्र्य शाबूत राहतं. आपण वापरून झाल्यावर पुढच्याला निवडीला जागा ठेवायची, एवढी सभ्यता जुन्या वस्तूंच्या बाबतीत पाळली की बरंचसं साधतं.

पुढच्या वेळी याच धाग्यावर, पण देवळांच्या जीर्णोद्धाराबद्दल बोलू. तिथे पेटीत ठेवता न येणाऱ्या गोष्टी जास्त आहेत.